बांधावर आपला माणूस

जीवन घरतचं वय चोपन्न. रेवसच्या अलीकडे खाडीकाठाला त्याचं गाव आणि पोयनाडच्या बाजारात दुरुस्तीचं दुकान. मिक्सर, पंखे, टीव्ही, जे येईल ते. त्याची एक खोड होती. गिऱ्हाइकाला समोर स्टुलावर बसवायचं, वस्तू उघडायची, जळालेली तार त्याच्या नाकाशी नेऊन वास घ्यायला लावायचा आणि मगच कामाला हात घालायचा. "जी उघडून बघता येत न्हाय ती वस्तू तुझी न्हाय," हे त्याचं वाक्य बाजारात सगळ्यांना पाठ होतं. बायका मिक्सर टेकवून लगेच पळायच्या, पिशवीतली मासळी खराब होते म्हणून सांगायच्या.

असल्या माणसाच्या हाती ओपन सोर्स लागलं म्हणजे पुढे काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको.

अलिबागेत काही हौशी मंडळींनी एक दिवसाची कार्यशाळा घेतली होती. जीवनची पुतणी हेमाली कळंबोलीला संगणकाचं काम करते. तिने "काका, तुम्ही जाच" म्हणून परस्पर नाव घातलं. जीवन गेला, मागच्या बाकावर बसला, आणि तिथे त्याने ऐकलं की जगात असेही प्रोग्राम आहेत ज्यांच्या पोटात काय लिहिलंय ते कोणालाही वाचता येतं, बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं, आणि त्यासाठी कोणाच्या पाया पडावं लागत नाही. त्यातलं निम्मं त्याला कळलं नाही. पण उघडता येतं एवढं कळलं आणि तेवढ्यावर गडी पेटला. येताना खिशात पेन ड्राइव्ह होता. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला त्याने तो तीनदा काढून दाखवला.

त्यानंतरच्या दोन वर्षांत त्याने तेवीस प्रात्यक्षिकं केली. स्कूटरवर पायापाशी संगणकाचा डबा, मागच्या सीटला टायरच्या ट्यूबने बांधलेला मॉनिटर, त्यावर बायकोचं जुनं लुगडं गुंडाळलेलं आणि प्रिंटर पाठीवरच्या पिशवीत. बायको म्हणजे काशी. लुगडं तिने दिलं, पण स्वतः एकाही प्रात्यक्षिकाला आली नाही. तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मी काय करू?" तेव्हा जीवन म्हणाला होता, "तुला काय करायचं न्हाय, सगळं आपोआप होतं." तिने त्याचा शब्द प्रमाण मानला.

रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट बघणाऱ्यांपुढे, बचतगटाच्या बैठकीत, क्रिकेटच्या सामन्यात जेवणाच्या सुट्टीत, एकदा तर साखरपुड्याच्या मांडवात त्याने आपलं दुकान मांडलं. आधी डब्याचे स्क्रू काढायचा. मग संगणक चालू करायचा, समोरच्या कोणाचंही नाव विचारून तीन ओळींचं मराठी पत्र टाइप करायचा आणि छापून त्याच्या हातात द्यायचा. लोक हसत पत्र घ्यायचे, घडी करून खिशात ठेवायचे आणि विचारायचे, "याचं किती?"

"काय न्हाय. फुकट."

इथेच सगळं बिनसायचं. फुकट म्हटल्यावर माणसाचा हात पुढे येतो असं जीवनला वाटलं होतं. इथे लोक खिशातलं पाकीट चाचपायचे. बचतगटाची अध्यक्ष क्रांती तोंडावर म्हणाली, "भावोजी, आज फुकट म्हनता, उद्या ओटीपी मागाल." धक्क्यावरचा पाववाला म्हणाला, "ज्याला मालक न्हाय त्याला वाली न्हाय." जीवन मग जोरात यायचा. यात व्हायरस नाही, हे बिघडत नाही, हे कंपनीच्या मालापेक्षा दसपट चांगलं. तो जितकं चांगलं सांगायचा तितके लोक मागे सरकायचे. पालथ्या घड्यावर पाणी. तेवीस प्रात्यक्षिकं झाली आणि एका घरातला एक संगणक बदलला नाही. आपण सांगतो त्यात खोटं काय, असा विचार करत तो घरी यायचा. मग खोटं काय आहे ते त्याला आठवायचं आणि तो विचार तिथेच सोडून द्यायचा.

कारण त्या सोन्यात एक खोट होती, आणि ती फक्त जीवनला माहीत होती. पत्र लिहायच्या प्रोग्राममध्ये मराठी मजकुराने पान पुरतं भरलं की छापताना शेवटची ओळ गायब व्हायची. पडद्यावर दिसायची, कागदावर नाही. सुरुवातीच्या दिवसांत त्याने गावच्या क्रिकेट संघासाठी एक पान छापलं होतं, वर सामन्याचे नियम आणि खाली अकरा खेळाडूंची नावं. कागदावर दहाच उमटली. अकरावा होता विनेश. तो पॅड बांधून सीमारेषेवर उभा आणि पंच कागद दाखवून म्हणतोय, तुझं नाव नाही. विनेशने महिनाभर जीवनशी बोलणं टाकलं. जीवनने नंतर दहा वेळा करून बघितलं आणि खोट कुठे आहे ते त्याच्या लक्षात आलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून त्याने ती झाकली. तीन ओळींच्या पत्राचं रहस्य हे असं होतं.

आता मुद्द्याचं. गावाच्या वाचनालयात सहा संगणक होते. जुन्या कुठल्या देणगीतून आलेले. ज्या सिस्टीमवर ते चालायचे तिला कंपनीने केव्हाच वाऱ्यावर सोडलं होतं, त्यामुळे ते चालू व्हायला चहा पिऊन होईल एवढा वेळ लागायचा आणि मग काहीच करायचे नाहीत. गावाचा सेक्रेटरी धनेश म्हणाला, भंगारात घालू आणि खोलीत मांडवाच्या खुर्च्या ठेवू. जीवन म्हणाला, माझी प्रणाली टाकली तर सहाच्या सहा पळतील. त्याने एक पळवून दाखवलाही. पण परक्या ठिकाणी हसं झालं तर माणूस स्कूटरला किक मारून घरी येतो. हे घरचं होतं. आपल्याच गावाने आपले संगणक भंगारात घातले तर उद्या धक्क्यावर कोणत्या तोंडाने उभं राहायचं? इथे नाही झालं तर हा नाद कायमचा सोडायचा, असं त्याने काशीला सांगितलं होतं. ती "बरं" म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली. ती सुटली म्हणून खूश झाली की तिला वाईट वाटलं, ते त्याला कळलं नाही.

वाचनालय जोळाच्या मालकीचं. जोळ म्हणजे बांध राखणारी घरं. गावाची सगळी भातशेती समुद्राच्या पातळीच्या खाली, मधे मातीचा एक लांबलचक बांध. तो फुटला की खारं पाणी आत आणि तीन वर्षं जमीन बाद. म्हणून सदतीस घरांचा रिवाज असा की बांधाला खांड पडली की दर घरातून एक माणूस माती टाकायला पाटी घेऊन हजर. शेत तुझं बुडतंय की माझं, हा प्रश्न तिथे कोणी काढत नाही. ज्या घरचा माणूस येत नाही त्याचं शेतही गाव वाचवतं, पण त्या घरच्या कार्यात कोणी पानाला हात लावत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाआधीच्या रविवारी वाचनालयात जोळाची बैठक बसते. होळीनंतरच्या अशाच एका रविवारी सकाळी संगणकांचा विषय निघाला.

जीवनने नेहमीचं प्रात्यक्षिक केलं. स्क्रू काढले, पत्र छापलं, चांगलंचुंगलं सगळं सांगितलं. ओटीपीचं उत्तर त्याने तयार ठेवलं होतं, व्हायरसचं ठेवलं होतं, मालकाचंही ठेवलं होतं. पण बोलले ते कोंडाजीनाना. वय ऐंशी, जोळाचे पंच, अजून रोज भरतीच्या आधी बांधावरून एक फेरी मारणारे.

"ह्यो परोग्राम बांधला कोनी?" नानांनी विचारलं.

"जगभरच्या लोकांनी, नाना. कोण कुठला, कोण कुठला."

"आनि राखतं कोन?"

"तेच राखतात. कुठं बिघडलं की ज्याला जमेल तो नीट करतो."

"पगारी मानसं?"

"काही पगारी. बरीचशी बिनपगारी."

नानांनी मान हलवली. "म्हंजे जोळच म्हनायचा."

जीवनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दोन वर्षं जे तेवीस ठिकाणी घसा कोरडा करूनही कोणाला कळलं नाही ते म्हाताऱ्याने एका शब्दात पकडलं. "व्हय नाना, जोळच," तो म्हणाला.

"मंग त्या जोळात आपल्या गावचा मानूस कोन जातो?"

"जावं लागत न्हाय, नाना. न जाता वापरता येतं. तीच तर मजा हाय."

बैठकीतल्या सगळ्या माना एकदम त्याच्याकडे वळल्या. त्या चार भिंतींत जे बोलू नये ते आपण बोललो, एवढं जीवनला कळलं, पण नेमकं काय बोललो ते कळायला दोन क्षण गेले.

"तू वापरतोस ना?" नाना म्हणाले.

"व्हय. दोन वर्सं."

"तू गेलतास कदी?"

"न्हाय."

नाना रागावले नाहीत. रागावले असते तर जीवनला बरं वाटलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "ज्यांच्या बांधावर आपला मानूस न्हाय, त्यांच्या बांधाआडचं आपुन खात न्हाय. आयत्या बिळावर नागोबा व्हायचं तर खुर्च्याच ठेवलेल्या बऱ्या." आणि सदतीस घरांनी माना डोलावल्या. जी माणसं वर्षानुवर्षं कुठून तरी उतरवलेले चोरीचे प्रोग्राम खुशाल वापरत होती, तीच. ती चोरी कंपनीची, तिचं कोणाला काही नाही, पण जोळाचं फुकट खायचं म्हणजे अब्रूचा प्रश्न. ठराव झाला तो असा: पौर्णिमेच्या बैठकीपर्यंत गावचा माणूस त्या लोकांच्या बांधावर गेला तर संगणक राहतील. नाही तर भंगारवाला येईल. धनेशला हवं तेच झालं होतं, पण का झालं ते त्यालाही उमगलं नसावं, कारण तो घरी जाताना सारखा डोकं खाजवत होता.

जीवनचं तर डोकंच चालेना. चोर म्हणाले असते तर उत्तर होतं. फसवतोस म्हणाले असते तर उत्तर होतं. आम्ही घेत नाही कारण आम्ही दिलं नाही, याला काय उत्तर देणार? आणि नुसतं उत्तर नव्हतं एवढंच असतं तर ठीक. लाजही वाटत होती. दोन वर्षं गावोगाव दुसऱ्यांच्या घामाचा मोठेपणा सांगत हिंडलो आणि स्वतः एक पाटी टाकली नाही, हे त्याला चोपन्नाव्या वर्षी भर सभेत कळलं होतं.

त्याने हेमालीला फोन लावला. "त्यांच्याकडं मानूस पाठवायची काय सोय हाय?" त्याने विचारलं. हेमालीला आधी वाटलं काका नोकरी शोधताहेत. सगळं समजल्यावर ती बराच वेळ हसली आणि मग अचानक हसायची थांबली. "काका, मी पण अकरा वर्षं वापरते," ती म्हणाली. "मी पण कधी काही दिलं नाही."

"मंग करायचं काय?"

"प्रोग्राम लिहिता येत नसेल तर चूक कळवता येते. तेही काम धरतात. तुम्हाला त्यात काही चूक माहीत आहे का?"

जीवनने आजूबाजूला कोणी नाही ना ते बघितलं. मग त्याने शेवटच्या ओळीचं सगळं सांगितलं, विनेशच्या पॅडसकट.

"आणि हे तुम्ही दोन वर्षं कोणाला सांगितलं नाही?"

"माल इकायचा तर खोट सांगतात का?"

"पण तुम्ही विकत कुठे होतात, काका?"

त्या आठवड्यात त्याच्याकडे उत्तरांचा दुष्काळच होता. मात्र खोट शोधणं हा त्याचा धंदा होता. त्याने दुकान दोन दिवस बंद ठेवलं, पानांमागून पानं छापली, किती ओळींना जाते, किती ओळींना जात नाही, अक्षराचा आकार बदलला तर काय होतं, सगळं वहीत लिहिलं. हेमालीने ते इंग्रजीत करून जिथे पाठवायचं तिथे पाठवलं. मग तो वाट बघत बसला. भंगारवाला मात्र मधे एकदा येऊन संगणक मोजून गेला.

सातव्या दिवशी उत्तर आलं. पाठवणाऱ्याचं नाव काका-पुतणीला दोघांनाही म्हणता येईना. हेमालीने फोनवर वाचून दाखवलं. "तुम्ही फार नीट लिहिलं आहे, आभारी आहोत. आमच्याकडे करून पाहिलं, पण आम्हाला ही चूक दिसली नाही. आमच्यापैकी कोणाला ही लिपी वाचता येत नाही. वेगवेगळ्या संगणकांवर, वेगवेगळी अक्षरवळणं, म्हणजे फॉन्ट, घेऊन हे आणखी कोणी करून पाहील का?"

"म्हंजे घेतलं का न्हाय घेतलं?" जीवनने विचारलं.

"काका, तसं काही म्हटलेलं नाही."

"मानूस गेला का न्हाय गेला?"

"तेही नाही म्हटलेलं."

होकार असता तर सांगता आला असता, नकार असता तर पचवता आला असता. हे मधलं काय ते कुठे ठेवायचं? पौर्णिमेच्या बैठकीला जाईपर्यंत त्याने चार भाषणं मनात रचली आणि चारही मोडली. शेवटी उभा राहिला तो हातात वही आणि उत्तराचा छापलेला कागद घेऊन, आणि काय बोलायचं ते न ठरवताच.

"एक खोट हाय," तो म्हणाला. "पयल्यापास्नं हाय. मी लपवली."

मग त्याने सगळं सांगितलं. तीन ओळींचं पत्र का, ते सांगितलं. एक संगणक चालू केला, पान भरून नावं टाइप केली, छापलं आणि कागद फिरवला. शेवटची ओळ नव्हती. कोपऱ्यातून विनेश उठला. "म्हंजे तवा माझं नाव तू काढलं न्हवतंस?" तो म्हणाला. जीवनने नाही म्हणून मान हलवली. विनेश खाली बसला आणि शेजाऱ्याकडून कागद मागून घेऊन पुन्हा पुन्हा बघू लागला.

धनेश म्हणाला, "म्हणजे दोन वर्षं तू लोकांना थापा मारत फिरलास."

"व्हय," जीवन म्हणाला. खोटं काय होतं त्यात? सगळं संपलं असं त्याला वाटलं, आणि संपलंय तर लवकर घरी जाऊ द्या, एवढंच मनात होतं.

"तो कागद वाच," नाना म्हणाले. "त्यांनी धाडलेला."

जीवनने हेमालीने केलेलं मराठी वाचलं. नानांनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. आणखी कोणी करून पाहील का?

"येड्या," नाना म्हणाले, "मानसं मागतायत ते. खांड हाय, एकल्याच्यानं दिसत न्हाय, दुसरी मानसं धाडा. आनि तू तोंड पाडून काय उबा हायस?" मग ते सभेकडे वळले. "गेल्या खेपंला ह्यो म्हनत व्हता, कायच बिघडत न्हाय. ज्या बांधाला कदी खांड न्हाय, तितं आपलं काम काय? आता काम हाय." त्यांनी तिथल्या तिथे पाळ्या लावायला घेतल्या. दर रविवारी सहा घरं, घरटी एक माणूस, एकेक संगणक. पान भरायचं, छापायचं, काय जातं काय राहतं ते लिहायचं. काम पुरं होईपर्यंत संगणक हलवायचे नाहीत, कारण अर्ध्या खांडीवरून पाटी उचलून घरी जायचा रिवाज ह्या गावात नाही. धनेशने खुर्च्यांचं काय ते विचारलं. नाना म्हणाले, खुर्च्या बाहेर ठेव, त्यांना काय थंडी वाजते?

जीवनला आनंद झाला होता, खरंच झाला होता. पण डोक्यातला गुंता तसाच. दोन वर्षं चांगलं सांगितलं तर कुत्रं फिरकलं नाही. एक वाईट सांगितलं आणि सदतीस घरं पाळी लावून बसली. बाजारात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाने ह्याचा अर्थ कसा लावायचा? चालत घरी येईपर्यंत त्याने तो लावायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

काशी ओटीवर बसली होती. "काय झालं?" तिने विचारलं.

"ऱ्हायलं. संगणक ऱ्हायलं."

"मंग त्वांड असं का?"

"समजत न्हाय," तो म्हणाला. मग त्याने तिला जमेल तसं सगळं सांगितलं, खोट, कागद, नाना, पाळ्या. शेवटी जरा चाचरत म्हणाला, "पयल्या रविवारी आपलं घर हाय. मना घरचा मानूस धरत न्हाईत, पाळ्यांचा मुकादम केलंय. आपल्या घरचं दुसरं कोन तरी जायला पायजे."

घरात दुसरं होतं कोण? काशीने पदर खोचला.

"किती वाजता?" तिने विचारलं.

"धा वाजता. पन तुला जमंल ना? तू कदी आलीच न्हाईस."

"तुमी म्हनालात, मना काय करायचं न्हाय," काशी म्हणाली. "खोट हाय ह्ये तवाच सांगितलं असतं, तर मी पयल्या दिवशीच आली असती."